१७ वर्षांचा, १७ सामने आणि ड्राफ्टमध्ये पहिला: आइस हॉकीच्या डिफेन्समनचं भविष्य मोजतात तरी कसं?

दोन खेळाडू. दोघंही कॅनडाचे, दोघंही एकाच ज्युनियर लीगमध्ये खेळणारे. एकाने २०२४-२५ च्या सीझनमध्ये ६५ सामन्यांत १३४ पॉइंट काढले. दुसऱ्याने १७ सामन्यांत २२ पॉइंट काढले आणि मग कॉलरबोन मोडून उरलेला सीझन बाहेर बसून पाहिला. २७ जून २०२५ ला लॉस एंजेलिसमध्ये एनएचएलचा, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट झाला. पहिलं नाव कुणाचं पुकारलं गेलं असेल?

दुसऱ्याचं. मॅथ्यू शेफर, डिफेन्समन, ईरी ऑटर्स. त्याला न्यूयॉर्क आयलंडर्सने घेतलं. १३४ पॉइंटवाला मायकेल मिसा दुसरा आला, तो सॅन होजे शार्क्सकडे गेला.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. थोडा डेटा हातात घेऊन मोठा अंदाज बांधायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे ही बातमी वाचल्यावर पहिला प्रश्न डोक्यात आला तो असा: १७ सामन्यांच्या डेटावर कुणी एवढा मोठा निर्णय घेतं का? आमच्याकडे एवढ्याशा डेटावर कुणी फीचर लाइव्ह करायला निघालं तर टीम लीड त्याला परत जागेवर बसवेल. मग हॉकीवाल्यांनी काय पाहिलं? हा निर्णय जुगार होता, की त्यामागे हिशोब होता? चला, पायरी पायरीने बघू.

आधी ड्राफ्ट समजून घेऊ

आयपीएलचा ऑक्शन आपल्याला माहीत आहे. ज्याच्याकडे पैसे शिल्लक, तो बोली लावतो आणि खेळाडू घेऊन जातो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. एनएचएलच्या ३२ टीम्स पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. सात राउंड, एकूण २२४ नावं. मागच्या सीझनमध्ये जी टीम वाईट खेळली तिला आधी निवडायला मिळतं. पण कुणी मुद्दाम हरू नये म्हणून वरच्या नंबरांसाठी लॉटरी असते. आयलंडर्सला पहिला नंबर मिळण्याची शक्यता होती फक्त ३.५ टक्के. लॉटरी लागली आणि ते दहाव्या जागेवरून थेट पहिल्या जागेवर आले.

खेळाडूला टीम निवडता येत नाही. आणि टीमला ही संधी वर्षातून एकदाच. म्हणजे पहिल्या नंबरावर चूक झाली तर ती दहा वर्षं डोळ्यांसमोर राहते, कारण तुम्ही ज्याला सोडलं तो दुसऱ्या टीमकडून तुमच्याच विरुद्ध खेळत असतो.

त्यात डिफेन्समनला पहिलं घेणं तर आणखी दुर्मीळ. २००० ते २०२५ या २६ ड्राफ्टमध्ये फक्त पाच वेळा पहिला नंबर डिफेन्समनला मिळाला: एरिक जॉन्सन २००६, ॲरन एकब्लाड २०१४, रॅस्मस डालिन २०१८, ओवेन पॉवर २०२१ आणि आता शेफर. बाकी बहुतेक वेळा गोल मारणारा फॉरवर्ड.

डिफेन्समनचं काम मोजायला अवघड का?

बर्फावर प्रत्येक टीमचे एका वेळी पाच खेळाडू आणि एक गोलकीपर असतो. पाचात तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेन्समन. पॉइंट कसे मिळतात? गोल केला की एक, आणि गोलच्या आधीचा पास दिला असेल तर असिस्ट म्हणून एक. एका गोलवर जास्तीत जास्त दोन असिस्ट.

आता डिफेन्समनचं मुख्य काम बघा. समोरचा खेळाडू वेगाने पक घेऊन येतोय. त्याच्यापासून अंतर असं ठेवायचं की त्याला ना बाजूने निघता येईल, ना आरामात शॉट मारता येईल. पक आपल्या कोपऱ्यात आला की सगळ्यात आधी तिथे पोचायचं, मागून अंगावर येणाऱ्याला चुकवायचं आणि स्वच्छ पास देऊन पक आपल्या झोनबाहेर काढायचा. हे सगळं नीट झालं तर काय होतं? काहीच होत नाही. गोल वाचतो, स्कोअरबोर्ड हलत नाही, खेळाडूच्या नावापुढे शून्य दिसतं.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं असंच असतं. वर्षभर साइट बंद पडली नाही तर कुणी त्यांचं नावही घेत नाही. मोजायला सोपं ते स्क्रीनवर येतं आणि महत्त्वाचं काम लॉगमध्ये पडून राहतं.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे कॅरोलायना हरिकेन्सचा जॅकब स्लाविन. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो १२० वा आला, चौथ्या राउंडमध्ये. आज लीगमधल्या सगळ्यात भरवशाच्या बचावपटूंमध्ये त्याचं नाव घेतात. त्याच्या जागेवर सलग दहा मिनिटं नजर ठेवली तर त्याची किंमत कळते. पॉइंटच्या तक्त्यात ती दिसत नाही.

आता त्या १७ सामन्यांचा हिशोब

शेफरचे २२ पॉइंट म्हणजे सात गोल आणि १५ असिस्ट. सामन्यामागे साधारण १.२९. त्याच्या लीगमध्ये, म्हणजे ओंटारियो हॉकी लीगमध्ये, सीझन ६८ सामन्यांचा असतो. १७ चे चौपट ६८, म्हणून हिशोब सोपा आहे: याच वेगाने पूर्ण सीझन खेळला असता तर ८८ पॉइंट. डिफेन्समनसाठी हा आकडा जबरदस्त आहे.

पण थांबा. नाणं २० वेळा उडवलं आणि १३ वेळा छापा आला, तर नाणं खोटं आहे असं आपण लगेच म्हणत नाही. छोट्या सॅम्पलमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो. गोल, असिस्ट अशा मोजून होणाऱ्या घटनांसाठी एक ढोबळ नियम आहे: जेवढी संख्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याच्या दुप्पट इकडे, दुप्पट तिकडे पकडा. २२ चं वर्गमूळ साधारण ४.७. म्हणजे त्याची खरी क्षमता १७ सामन्यांत १३ पॉइंटचीही असू शकते आणि ३१ ची पण. पूर्ण सीझनला ताणलं तर ५२ ते १२४.

५२ पॉइंटवाला डिफेन्समन चांगला. १२४ वाला म्हणजे चमत्कार. एकट्या या आकड्याच्या जोरावर दोघांतला फरक सांगता येत नाही. त्यामुळे 'त्याने ८८ चा वेग धरला होता' असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो: किती सामन्यांवरून?

मग आयलंडर्सने आंधळा डाव खेळला का? तसंही नाही. कारण १७ सामने हा त्यांच्याकडचा एकमेव डेटा नव्हता.

एकाच तक्त्याबाहेरचा डेटा

स्टॅटिस्टिक्समध्ये एक साधी कल्पना आहे. नवा डेटा येण्याआधी तुम्हाला जे माहीत होतं, ते फेकून द्यायचं नाही. नवी माहिती जुन्या माहितीत मिसळायची. नवी थोडी असेल तर जुनीला जास्त वजन, नवी भरपूर असेल तर जुनीला कमी.

शेफरबद्दलची जुनी माहिती काय सांगत होती? २०२३ मध्ये ओंटारियो लीगच्या ज्युनियर ड्राफ्टमध्येही तो पहिलाच आला होता. पहिल्या सीझनमध्ये ५६ सामन्यांत त्याचे १७ पॉइंट होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ह्लिंका ग्रेट्स्की कप या १८ वर्षांखालच्या स्पर्धेत तो कॅनडाचा कॅप्टन होता आणि कॅनडाने सुवर्ण जिंकलं. सीझनच्या सुरुवातीला मोनो नावाच्या व्हायरल आजाराने तो बाहेर होता. परत आला तो असा की आदल्या सीझनमध्ये ५६ सामन्यांत जेवढे पॉइंट काढले होते, त्यापेक्षा जास्त १७ मध्ये काढले. डिसेंबरमध्ये ओटावाला झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी, जिथे साधारण १९ वर्षांची पोरं खेळतात, तो १७ व्या वर्षी निवडला गेला. तिथेच लॅटव्हियाविरुद्धच्या सामन्यात तो गोलपोस्टवर आदळला आणि कॉलरबोन मोडलं.

म्हणजे १७ सामने एकटे उभे नव्हते. दोन-तीन वर्षं वेगवेगळ्या कोचनी, वेगवेगळ्या स्पर्धांत त्याला पाहिलं होतं आणि सगळ्यांचा कौल एकाच दिशेला होता. एनएचएलच्या सेंट्रल स्काउटिंग विभागानेही अखेरच्या यादीत उत्तर अमेरिकेतल्या स्केटर्समध्ये त्यालाच पहिलं ठेवलं होतं, मिसाच्या वर.

जन्मतारखेची गंमत

आता एक गोष्ट जी बातम्यांमध्ये एका ओळीत येते, पण मॉडेलमध्ये खूप वजन खाते.

ड्राफ्टसाठी अट अशी: त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण व्हायला हवीत. शेफरचा जन्म ५ सप्टेंबर २००७ चा. अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर तो थेट २०२६ च्या ड्राफ्टमध्ये गेला असता. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या नंबरावर बोस्टनने घेतलेला जेम्स हेगन्स ३ नोव्हेंबर २००६ चा. म्हणजे दोघं एकाच 'बॅच'चे, पण वयात दहा महिन्यांचा फरक.

दहावीच्या वर्गात दहा महिन्यांनी लहान असलेला मुलगा आठवा. उंची कमी, ताकद कमी, आणि खेळाच्या तासाला टीम निवडताना त्याचं नाव शेवटी. हॉकीत हा परिणाम अभ्यासकांनी मोजलेला आहे. २०१३ साली प्लॉस वन या जर्नलमध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या खेळाडूंना टीम्स त्यांच्या लायकीपेक्षा उशिरा निवडत होत्या. पुढे करिअरमध्ये त्यांची कामगिरी त्यांच्या नंबरापेक्षा चांगली निघाली.

म्हणून एखाद्या खेळाडूचे पॉइंट वाचताना शेजारी त्याचं महिन्यांसकट वय लिहा. १७ वर्षांच्या पोराने २० वर्षांपर्यंतच्या पोरांविरुद्ध काढलेले २२ पॉइंट आणि १९ वर्षांच्याने काढलेले २२ पॉइंट ही सारखी गोष्ट नाही.

लीगचं 'एक्स्चेंज रेट'

पुढचा प्रश्न: ज्युनियर लीगमधला एक पॉइंट एनएचएलमध्ये कितीचा? यासाठी हॉकीवाले 'एनएचएल इक्विव्हॅलन्सी' नावाचा गुणक वापरतात. गॅब्रिएल देजार्दां या विश्लेषकामुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली. एखाद्या लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या जुन्या खेळाडूंचे आधीचे आणि नंतरचे पॉइंट बघायचे आणि सरासरी घट काढायची. डॉलरचा भाव काढतो तसं.

समजायला सोपं म्हणून गुणक ०.१५ धरू. १.२९ ला ०.१५ ने गुणलं आणि एनएचएलच्या ८२ सामन्यांनी गुणलं की साधारण १६ पॉइंट येतात. आणि मघाची रेंज इथेही सोबत येते: नऊ ते २२. कॅल्क्युलेटरने दशांश चिन्हानंतर कितीही आकडे दाखवले तरी सुरुवातीची अनिश्चितता कुठे जात नाही. ॲपमध्ये '१५.९' असा आकडा दिसला की तो अचूक वाटतो, एवढंच.

शिवाय हा गुणक फक्त पॉइंट बघतो. स्लाविनसारख्याला तो आजही ओळखणार नाही.

कॅमेरा काय बघतो, काय सोडतो

इथे टेक्नॉलॉजीची मदत येते. एनएचएलमध्ये २०२१-२२ पासून पकच्या आत आणि खेळाडूंच्या जर्सीत इन्फ्रारेड सिग्नल देणारे सेन्सर असतात. छताजवळचे कॅमेरे पकची जागा सेकंदाला ६० वेळा टिपतात. वेग, अंतर, कुठल्या झोनमध्ये किती वेळ, सगळं निघतं. २०२३ पासून यातला काही भाग एनएचएल एज नावाच्या साइटवर फुकट बघता येतो. फोनवर उघडून बघा, मजा येते.

ज्युनियर खेळाडूंसाठी मोठा आधार असतो तो व्हिडिओचा. मॉन्ट्रियलच्या स्पोर्टलॉजिकसारख्या कंपन्या सामन्याच्या प्रक्षेपणावर कॉम्प्युटर व्हिजन चालवतात. आधी फ्रेममधले खेळाडू शोधायचे. मग बर्फावरच्या निळ्या-लाल रेषा ओळखून स्क्रीनवरचा बिंदू मैदानावर नेमका कुठे आहे ते गणिताने काढायचं. मग पास, शॉट, झोनबाहेर पक काढणं अशा घटनांची यादी तयार होते. आता डिफेन्समनबद्दल कामाचे प्रश्न विचारता येतात: दहा वेळा पक कोपऱ्यात आला तर किती वेळा याने ताबा ठेवून बाहेर काढला? किती वेळा नुसता भिंतीवर आपटून दिला? समोरच्याला ब्लू लाइनवरच किती वेळा अडवलं?

शेफरची ताकद नेमकी इथे होती. ६ फूट २ इंच उंची, पण स्केटिंग इतकं सहज की अंगावर आलेल्याला एका वळणात मागे टाकून तो स्वतः पक घेऊन बाहेर पडतो. ही गोष्ट एका सामन्यात वीस-तीस वेळा घडू शकते. गोल-असिस्ट मात्र एक-दोनदाच. म्हणजे १७ सामन्यांत पॉइंटचं सॅम्पल २२ चं असलं, तरी अशा छोट्या घटनांचं सॅम्पल शेकड्यांमध्ये जातं आणि नशिबाचा वाटा कमी होतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची चावी इथे आहे. सामने तेवढेच, पण वारंवार घडणारी गोष्ट मोजली की अंदाज घट्ट होतो.

पण कॅमेऱ्यालाही मर्यादा आहे. प्रक्षेपणाचा कॅमेरा पकच्या मागे फिरतो. पकपासून लांब, योग्य जागी उभा राहून धोका आधीच संपवणारा डिफेन्समन अनेकदा फ्रेमबाहेर असतो. सॉफ्टवेअर त्याची जागा अंदाजाने भरतं. त्यामुळे चांगले स्काउट अजूनही थंडगार स्टेडियममध्ये जाऊन बसतात आणि पक सोडून एकाच माणसाकडे बघत राहतात.

टीम्स चुकतात तेव्हा

लेन हटसनची गोष्ट या सगळ्याची दुसरी बाजू सांगते. २०२२ च्या ड्राफ्टआधी अमेरिकेच्या राष्ट्रीय ज्युनियर टीमकडून त्याचे ६० सामन्यांत ६३ पॉइंट होते. सॅम्पल भरपूर, आकडे उत्तम. अडचण एकच: उंची ५ फूट ८ इंच. आपली उंची अजून वाढू शकते असं सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठीही त्याने टीम्सना दिली होती. तरी तो ६२ वा आला. मॉन्ट्रियलने घेतलं. २०२४-२५ मध्ये त्याने ६६ पॉइंट काढले, त्यातले ६० असिस्ट, आणि सर्वोत्तम नवोदित खेळाडूची काल्डर ट्रॉफी जिंकली. त्याच्याआधी ६१ नावं पुकारली गेली होती.

'बघा, उंचीला अर्थ नाही' असा निष्कर्ष लगेच काढू नका. हटसन आपल्याला माहीत आहे कारण तो यशस्वी झाला. त्याच्यासारखेच बुटके, पॉइंट काढणारे, पण पुढे न टिकलेले डिफेन्समन आपल्या फीडमध्ये येत नाहीत. माझा निष्कर्ष एवढाच: उंची हा एक कॉलम आहे, आणि टीम्सनी त्याला गरजेपेक्षा जास्त वजन दिलं.

आणि काही गोष्टींना कॉलमच नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेफरची आई कॅन्सरने गेली. त्यानंतरच्या वर्षभरात आजारपण, मोठी स्पर्धा, सर्जरी. टीम्स मुलाखती घेतात, कोचशी बोलतात आणि 'कॅरेक्टर'ला मार्क देतात. मला या मार्कांची सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तिथे बघणाऱ्याची आवडनिवड सहज शिरते. १७ वर्षांच्या पोराने दुःख कसं दाखवावं याचा कुठला स्केल असणार?

माझा कौल

हिशोब मांडल्यावर मला आयलंडर्सचा निर्णय बरोबर वाटतो. तो पुढे चांगला खेळला म्हणून नाही. एका चांगल्या निकालाने पद्धत सिद्ध होत नाही, जसं एका हुकलेल्या निकालाने ती खोटी ठरत नाही. बरोबर अशासाठी, की जून २०२५ मध्ये हातात असलेले वेगवेगळे पुरावे (वय, प्रगतीचा वेग, मोठ्या स्पर्धेतली निवड, पक बाहेर काढण्याची सवय) एकमेकांना दुजोरा देत होते. आणि जो एक पुरावा कच्चा होता, म्हणजे २२ पॉइंट, त्याच्यावर सगळा भार नव्हता. त्याच दिवशी आयलंडर्सने आपला प्रमुख डिफेन्समन नोआ डॉब्सनला मॉन्ट्रियलकडे देऊन टाकलं. म्हणजे त्यांनी या अंदाजावर खरोखर पैसे लावले होते.

९ ऑक्टोबर २०२५ ला, अठरा वर्षं आणि एक महिन्याच्या वयात, शेफर पिट्सबर्गविरुद्ध पहिला एनएचएल सामना खेळला आणि त्यात एक असिस्ट मिळवला. सुरुवात छान. सॅम्पल साइज: एक.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा याद्या येतील, 'पुढचा सुपरस्टार' वगैरे रील्स फिरतील. तेव्हा स्क्रोल करता करता पाच गोष्टी तपासा:

१. आकडा किती सामन्यांवरून काढलाय?
२. खेळाडूचं वय महिन्यांसकट किती, आणि समोरचे किती वर्षांचे होते?
३. मोजलेली गोष्ट वारंवार घडणारी आहे की क्वचित?
४. या पोझिशनचं खरं काम त्या आकड्यात दिसतं का?
५. जे फसले त्यांची नावं यादीत आहेत का?

कॉलेजच्या प्लेसमेंटमध्ये एका टेस्टच्या मार्कांवर गाळले गेलेले माझे चार मित्र आज उत्तम इंजिनिअर आहेत. त्या टेस्टने चौथा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. तुम्हालाही पुढे कुणीतरी, बहुतेक एखादं सॉफ्टवेअरच, असाच एक आकडा चिकटवणार आहे. तेव्हा हे पाच प्रश्न त्या आकड्यालाही विचारा.